बिंदुसरेच्या काठचे नगर

बालाघाटच्या डोंगररांगांनी बीड जिल्ह्याची दोन अंगे पाडली आहेत. वरच्या अंगाला पाटोदा, केज, अंबाजोगाई यांचा उथळ मातीचा, खडकाळ, सीताफळीच्या झुडपांनी भरलेला मुलूख. खालच्या अंगाला गेवराई आणि माजलगावकडची काळी कसदार गंगथडी, जिथे गोदावरीला लोक आजही गंगा म्हणूनच ओळखतात. या दोहोंच्या सांध्यावर, जिथे बिंदुसरा डोंगराची संगत सोडून सपाटीला लागते आणि सिंदफणेच्या भेटीला निघते, तिथे बीड शहर वसलेले आहे. वर्षाकाठी सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही वेळेवर येईल असा भरवसा नाही. अशा मुलखात हजारो माणसांनी एके ठिकाणी शतकानुशतके नांदावे, तेथे बाजार भरावा, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, लेकरांनी आणि गुराढोरांनी एकामागून एक उन्हाळे निभावून न्यावेत, ही गोष्ट आपोआप घडत नाही. तिच्यामागे कोणाची तरी तजवीज असावी लागते. ती तजवीज कोणी केली, कशी केली आणि पुढे ती कोणत्या कारणांनी विस्कटली, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. कारण सर्व वयाच्या माणसांना निरोगी जीवन देणारे आणि दीर्घकाळ टिकणारे नगर कसे असावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर बीडच्याच मातीत आहे, असे माझे मत आहे.

बीडचा इतिहास राजवटींच्या अनुक्रमाने सांगण्याची चाल पडून गेली आहे: चालुक्य, यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादची आसफजाही. हाच इतिहास पाण्याच्या अनुक्रमाने लावून पाहिला, तर या सहा-सात राजवटींत एक सलग सूत्र दिसू लागते. शहराच्या पूर्व भागातील कंकालेश्वराचे प्राचीन मंदिर पाहावे. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे असलेले हे शिवालय ज्या कोणी बांधले, त्याने देवासाठी जागा निवडताना पाण्याला प्रथम स्थान दिले आणि देवाला त्या पाण्याच्या मध्यभागी बसविले. गावात पाण्याचा साठा असावा, तो राखला जावा, त्यात घाण पडू नये, यासाठी त्या काळाला श्रद्धेइतका खंबीर पहारेकरी दुसरा मिळणे कठीण होते. महाशिवरात्रीला येथे आजही यात्रा भरते.

चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या अमदानीत, जुनाखान नावाचा अंमलदार बीडला नेमला गेला आणि त्याने येथे दीर्घकाळ राहून रयतेच्या सोयीची अनेक कामे केली, असे बीडच्या जुन्या उर्दू तवारिखेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काजी मुहम्मद कुतुबुल्ला यांनी लिहिलेल्या ‘तारीख-ए-बीड’ या ग्रंथात, नमूद आहे. त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्याने बिंदुसरेचा प्रवाह वळविला. पूर्वी वस्ती नदीच्या पूर्वतीरावर होती आणि तिला तट नव्हता. जुनाखानाने नदी पूर्वेकडे वळवून वस्तीभोवती संरक्षक भिंत घातली, आणि त्यानंतर बहुतेक लोकवस्ती पश्चिमेच्या बाजूस येऊन राहिली, असे ही तवारीख सांगते. नदीच्या अलीकडे मुख्य शहर आणि पलीकडे पेठ बीड अशी जी मांडणी आपण आज पाहतो, तिचे मूळ या घटनेत असावे. नदी वळविणे हे धाडसाचे काम आहे आणि नदी आपली जुनी वाट सहसा विसरत नाही, हे पुढच्या पिढ्यांना भोगून कळले. परंतु नगर वसविण्याआधी नदीचा निकाल लावावा लागतो, घरे नंतर बांधायची असतात, एवढे त्या अंमलदाराला निश्चित उमगलेले होते.

तटाबरोबर वेशी आल्या. कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे बीडकरांच्या तोंडी अजून आहेत, आणि या वेशींच्या आतबाहेर वसलेल्या पेठा, गंज आणि मोहल्ले यांतून जुन्या शहराचा नक्षा अद्याप वाचता येतो. वेस ही संरक्षणाची जागा होती हे खरेच. पण दिवसाच्या व्यवहारात ती थांबण्याची आणि भेटण्याची जागा होती. बैलगाडी तेथे मंदावे, जकातीचा माणूस तेथे बसे, परगावचा वाटसरू तेथेच प्रथम टेके, आणि त्यामुळे पाण्याची घागर, भाजीचा वाटा, न्हाव्याची पेटी, सरपणाची मोळी ही सगळी तिच्या आसपास जमत. ज्याचे पाय चालत नाहीत आणि ज्याला अजून नीट चालता येत नाही, अशा दोन्ही टोकांच्या वयांना चार पावलांवर माणसांची वर्दळ मिळत होती.

आता मी ज्या वास्तूकडे वळतो, तिच्यापाशी वाचकाने माझ्याबरोबर थोडा अधिक वेळ थांबावे अशी माझी इच्छा आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरांवर, मांजरसुंब्याच्या वाटेवर, खजाना विहीर आहे. निजामशाहीत पहिल्या मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, हिजरी ९९१ म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर या स्थापत्यज्ञाने तिची रचना केली, असे मानले जाते. लांबून पाहणाऱ्याला तिच्यात नवल वाटण्यासारखे काही नाही: घडीव दगडांची एक गोल विहीर, पाणी फार खोल नाही, भोवती माळ आणि शेते. परंतु जवळ जाऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते, की ही नावापुरतीच विहीर आहे. वस्तुतः ती एका लांबलचक भूमिगत जलमार्गाचे मधले ठाणे आहे. तिच्यात पाण्याच्या दोन वाटा येतात आणि एक वाट बाहेर पडते. बाहेर पडणारी ती नहर जमिनीच्या पोटातून शहराच्या दिशेने जाते आणि बलगुजार नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिवारात पृष्ठभागावर येऊन शेतांत खेळते. मोट नाही, रहाट नाही, बैलांची फेरी नाही. राजवटी पाहिजे तर बदलोत, पाण्याने आपल्याच वजनाने उताराला लागावे आणि धन्याच्या पिकाला भेटावे, एवढीच तिची चाकरी.

ही नहरीची विद्या इराणातून आली. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधायचे, तेथून भूगर्भातून एक अरुंद बोगदा असा खोदत न्यायचा की त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी राहील, आणि मग काही अंतरावर बोगद्याचा तळ व जमीन एका पातळीवर येऊन पाणी आपसूक बाहेर पडेल. सारे कौशल्य त्या उताराच्या मापात साठविलेले असते. उतार जास्त झाला तर पाण्याचा वेग नहरीचा तळ खाऊन टाकतो; कमी झाला तर गाळ बसून वाट बुजते. म्हणून ठराविक अंतरावर उभी विवरे खाली उतरविलेली असतात: त्यांतून खोदताना माती वर काढली जाते, नंतर हवा खेळते, आणि गाळ साचला म्हणजे माणूस त्याच वाटेने आत उतरून तो उपसतो. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा इ. स. १६१५ च्या सुमाराचा, आणि मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, जी प्रसिद्ध नहर आणली तीही त्याच दशकातली. बीडची खजाना विहीर या दोहोंहून सुमारे तीस वर्षांनी वडील आहे. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि त्याचे कारण चमत्कारात शोधण्याची गरज नाही. उघड्या तलावाचे पाणी वैशाखाचे ऊन पिऊन टाकते. जमिनीच्या पोटातले पाणी त्या उन्हाच्या दृष्टीस पडत नाही. शिवाय नहर जमिनीत जेवढे झिरपते तेवढेच वाहून नेते. मातीने दिले त्याहून अधिक तिला ओढताच येत नाही, आणि चारशेहून अधिक वर्षे ती टिकली याचे मर्म मला या मर्यादेत दिसते.

सलाबतखानाने हे पाणी शहरालगतच्या शेतांना दिले, यात नगररचनेचा एक गंभीर विचार आहे, ज्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. वेशीबाहेरच्या मळ्यांत भाजीपाला, फळझाडे आणि हिरवी वैरण पिकली की शहरातल्या घरात ताजे अन्न आणि दूध येते. बागाईत बारमाही असली की मजुराला उन्हाळ्यातही काम मिळते आणि त्याला कुटुंब घेऊन मुलूख सोडावा लागत नाही. आणि भोवताली ओलावा व हिरवळ राहिली की पश्चिमेचा झळांचा वारा गावात शिरण्यापूर्वी थोडा निवतो. नगराची हद्द तटाच्या भिंतीशी संपते असे त्या जुन्या योजकांनी मानले नाही. ज्या शिवारातून नगर जेवते ते शिवारही नगराचाच अवयव आहे, असे त्यांनी धरले होते.

तटाच्या आत काय होते? मराठवाड्याच्या जुन्या गावांत असते तेच: माळवदाची घरे, पांढरीच्या मातीने जाड केलेली छते, दोन हात रुंदीच्या भिंती, आणि गल्ल्या इतक्या निरुंद की दुपारचे बारा सोडले तर दिवसभर एका बाजूला सावली असावीच. दाराशी दगडी ओटा, ओट्यालगत देवळी, गल्लीच्या वळणावर आड, चौकात लिंबाचा किंवा पिंपळाचा पार. एखादी सत्तरीची आजी घरातून निघून देवळापर्यंत कशी जात असेल, याचा विचार केला म्हणजे या रचनेचे मोल कळते. पन्नास पावलांवर तिला बसायला कोणाचा तरी ओटा होता, त्या ओट्यावर तिला ओळखणारे कोणी तरी होते, डोक्यावर ऊन नव्हते, आणि वाटेत अंगावर धावून येणारे वाहन नव्हते. त्याच गल्लीत लेकरे विटीदांडू खेळत आणि त्यांच्यावर दहा घरांची नजर असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांना अनुकूल अशा नगरांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि तिच्यात बसण्याच्या जागा, सावली, चालण्याजोगे सुरक्षित रस्ते यांचा आग्रहाने पुरस्कार केला. आपल्या गल्लीला हे सारे लाभलेले होते. रात्री माळवदावर अंथरूण टाकून तीन पिढ्या शेजारी शेजारी झोपत, ही तर उन्हाळ्यापुरती आणखी एक सोय.

परंतु या चित्राची दुसरी बाजू न सांगणे म्हणजे वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. जुन्या नगराची ही सावली आणि हे पाणी सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. महारवाडा आणि मांगवाडा वस्तीच्या कडेला, आणि तिथल्या बायकांना भर उन्हात घागर घेऊन दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत तिष्ठत राहावे लागे. पाण्यावरील समान हक्कासाठी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, ही साऱ्या महाराष्ट्राची कहाणी आहे आणि मराठवाडा तिला अपवाद नव्हता. शिवाय ज्या पायऱ्यांच्या बारवांचे आपण कौतुक करतो, त्या पायऱ्यांवरून माणूस पाण्यात पाय बुडवीत असे, आणि त्यातूनच नारूचा रोग गावोगाव पसरत असे. पायातून हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळीत काढणारी माणसे मराठवाड्याच्या जुन्या पिढीने पाहिली आहेत. पायऱ्या बंद करून, विहिरींना कठडे बांधून, पाणी गाळून पिण्याचा प्रसार करून हा रोग हटविण्यात आला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याची घोषणा झाली. तेव्हा जुने ते सारे चांगले, असा माझा दावा नाही. जुन्या योजनेतील पाण्याची आणि सावलीची समज घ्यावी, आणि तिच्यात जे अन्यायाचे व रोगाचे होते ते निर्धाराने टाकावे, असे माझे म्हणणे आहे.

आसफजाहीच्या काळात, हैदराबादचा दिवाण सालारजंग याने जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करून अव्वल तालुकदारांचा कारभार सुरू केला, तेव्हापासून बीडला दफ्तर, कचेरी आणि महसुलाची शिस्त लाभली. नगररचनेचा मोठा धडा मात्र या राज्याला राजधानीत मिळाला. सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले, आणि त्यांच्या योजनेनुसार नदीच्या वरच्या अंगाला उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले; पहिला १९२० साली पुरा झाला, दुसरा १९२७ साली. १९१२ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळही स्थापन झाले. त्याच सुमारास पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश पंडित हिंदुस्थानातील शहरे पायी हिंडून पाहत होता. हिवतापाच्या भयाने जुने तलाव आणि विहिरी बुजवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याने कळकळीने विरोध केला. पाणी स्वच्छ राखा, त्यात मासे सोडा, पण गावाचे पाणी बुजवू नका, असे त्याचे सांगणे होते. रस्ता रुंद करण्यासाठी सरसकट घरे पाडण्यापेक्षा, एखादी पडकी भिंत हलवून, एखादे झाड लावून गल्लीला श्वास द्यावा, ही त्याची पद्धत. पुढे १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे विचार बीडपर्यंत पोहोचले असते तर फार बरे झाले असते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या काळात पालीजवळ बिंदुसरेवर धरण झाले. पुढे सिंदफणेवर माजलगावचा मोठा जलाशय झाला आणि शहराला लांबून नळाने पाणी येऊ लागले. नळ घरात आला ही आयाबहिणींच्या डोक्यावरची घागर उतरविणारी घटना होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण नळाबरोबर एक विस्मरणही आले. पाणी जिथून येते ती जागा दृष्टीआड गेली, तसे आड कचऱ्याने भरले, आणि जिच्यासाठी जुनाखानाने एवढा खटाटोप केला ती बिंदुसरा सांडपाण्याची वाहिनी झाली. नदी बहुतेक वर्ष कोरडी असते, म्हणून तिचे पात्र मोकळी जागा समजले गेले, आणि ज्यांना शहरात दुसरीकडे जागा परवडत नव्हती त्या गरिबांनी तिच्या कुशीत घरे बांधली. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला पूर आला. काठच्या वस्त्यांतील अनेकांचे प्राण गेले आणि संसार वाहून गेले. मुसीचा धडा गिरवून एक्याऐंशी वर्षे झाली होती. तो बीडला पुन्हा, स्वतःच्या माणसांच्या किमतीवर, शिकावा लागला.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ पासून आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना, पाणीपुरवठा, उद्याने, क्रीडांगणे हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले. उणीव आहे ती आराखडा कोणासाठी आखायचा, या प्रश्नाच्या विचाराची. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती, आणि त्यानंतर शहर चहूकडे फोफावले आहे. या जिल्ह्यातून दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि त्या पाच-सहा महिन्यांत अनेक घरांत मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा बीडला हे अधिक ठाऊक असले पाहिजे, की गावातला रस्ता, दवाखाना, शाळा आणि पाणी ही सर्वप्रथम या दोन वयांच्या पायांनी गाठता आली पाहिजेत. प्रत्यक्षात नव्या वसाहतींत रस्ता रुंद आहे, पण पदपथ नाही. आरक्षित बागेची जागा कागदावर आहे, पण तिथे झाड नाही. आणि म्हाताऱ्याला टेकायला ओटा नाही, कारण ओट्याची जागा कुंपणाच्या भिंतीने आणि वाहनाने घेतली आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर अनेक दशकांची प्रतीक्षा संपवून रेल्वे बीडला आली. स्टेशन आले की गाव त्याच्या दिशेने सरकते, हे परळीपासून जालन्यापर्यंत सर्वांनी पाहिले आहे. तिकडचे माळ लवकरच प्लॉटांत विभागले जातील आणि पुढच्या पन्नास वर्षांचे बीड तेथे आखले जाईल. म्हणून नगरपालिकेस, जिल्हा प्रशासनास आणि त्याहूनही बीडच्या नागरिकांस माझी विनंती आहे: नव्या नकाशावर रस्त्यांची आणि दुकानांची रेघ ओढण्यापूर्वी बिंदुसरेची पूररेषा आखा, आणि तिच्या आत घर बांधण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे त्यांना शहरातच, चालत कामाला जाता येईल अशा ठिकाणी, हक्काची जागा द्या. त्यानंतर खजाना विहिरीपासून बलगुजारपर्यंतची नहर आणि तिच्यावरची सर्व विवरे मोजून त्या नकाशावर नोंदवा, आणि त्या रेषेवर पाया खणण्यास व विंधन विहीर घेण्यास मनाई करा. कारण ती एकदा तुटली तर ती सांधणारा राजा भास्कर आपल्याजवळ नाही.